पाठवलेलं आणि आलेलं

२२ जानेवारी

यंदा आमच्या बेटाभोवतीचा बर्फ ना धड गोठतोय ना धड वितळतोय. शेजारच्या बोर्येनं आज धक्क्यापासून थोडं पुढे जाऊन काठी टोचली, तर ती आरपार गेली. म्हणजे चालत जाता येणार नाही आणि बोटही घालता येणार नाही. पंख्याची बोट तेवढी बर्फावरून घसरते आणि पाण्यातही तरंगते, पण ती टपालासाठी आणि आजारी माणसाला नेण्यासाठी. बायकोला भेटायचं असणं हा आजार त्यांच्या नियमात बसत नाही. मी विचारून पाहिलं.

गुनेल नोव्हेंबरपासून पलीकडे परगास गावातल्या वृद्धाश्रमात आहे. तिचं विसरणं वाढलं होतं. एका सकाळी चूल पेटती ठेवून ती बुटांशिवाय खडकांवर गेली, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाली, हिवाळ्यापुरती तिला इथं ठेवू या. हिवाळ्यापुरती, हाच शब्द होता. मी किनारा रेडिओवर जन्म काढला, जहाजांचे निरोप घेतले, शब्द ऐकण्यात माझी चूक होत नाही. बर्फ गेला की मी तिला घरी आणणार.

तोवर रोज दुपारच्या कॉफीनंतर मी कॉम्प्युटर लावतो आणि तिकडे मार्युत नावाची नर्स तिच्यासमोर पडदा धरते. इंटरनेट बोर्येच्या छपरावर उतरतं आणि तिथून हवेतून माझ्या घरी येतं. माझ्या यंत्राच्या पाठीत एक बोटाएवढी वायफायची काडी खोचली आहे, ती ते पकडते.

वही यासाठी उघडली की ऐकलेलं लगेच लिहावं. स्टेशनात नियमच होता. नाहीतर माणसाला जे ऐकायचं असतं तेच तो ऐकतो.

२५ जानेवारी

आज चित्र तीनदा गोठलं. गुनेलचा चेहरा चौकोनांचा झाला आणि तसाच राहिला. आवाज पिंपात बोलल्यासारखा. मी सगळं सांगितलं, कोल्ह्यानं बदकांच्या खोपटाखाली बीळ केलंय, छपराचा पत्रा उडाला होता तो बसवला. ती काहीच बोलली नाही. शेवटी हसली. दुकानात ओळखीच्या बाईला पाहून हसते तशी.

बोर्ये कॉफीला आला. तो माझ्याच वयाचा, त्याची इंगा गेल्यापासून विधुर, आणि जगातल्या सगळ्या यंत्रांबद्दल मत असलेला.

"तुझी काडी भिकार आहे," तो म्हणाला. "घर दगडाचं, मध्ये माझी होडीची शेड. सिग्नल काय भिंतीतून चालत येणार आहे?"

"तुझा इंटरनेटचा खोकाच भिकार असेल."

"माझ्याकडं फुटबॉल दिसतो ना नीट? मग गप बस."

त्यानं बटणं दाबत दाबत एक पान उघडलं. त्यावर सिग्नलचा दर्जा, पाठवलेले आकडे, आलेले आकडे आणि चुका. मला इतका आनंद झाला की मी त्याला दुसरा कप दिला. इतके दिवस मी आंधळ्यासारखा बोलत होतो. आता माझ्यापुढे मापक आहे. दर्जा निम्म्याहूनही खाली. असल्या सिग्नलवर बिचारी ऐकणार काय आणि बोलणार काय?

३० जानेवारी

आकडे रोज टिपतोय. एक गोष्ट स्पष्ट आहे. माझ्याकडून जातं खूप आणि तिच्याकडून येतं अगदी थोडं. एका तासात मी पाठवतो त्याचा जेमतेम दहावा भाग परत येतो. याचा अर्थ मी पुरेसा जोरात आहे, तिकडचं प्रक्षेपण कच्चं आहे.

मार्युतला सांगितलं की तुमचा खोका गुनेलच्या खोलीजवळ हलवा.

"रूनार, इथं बाकी सगळ्यांचं नीट चालतं," ती म्हणाली. तिची स्वीडिश जरा फिनिश वळणाची आहे, पण मुलगी मायाळू वाटते. "शेजारच्या आजोबांचा नातू ब्राझीलहून बोलतो. अगदी खणखणीत येतो आवाज."

"मग फक्त गुनेलच्याच खोलीत का नाही?"

तिनं पडदा जरा सरळ केला. "तुम्ही रोज बोलता ते फार चांगलं आहे," असं काहीतरी म्हणाली. रेडिओ न कळणारी माणसं अशीच बोलतात. आपण दोष विचारावा आणि त्यांनी शाबासकी द्यावी.

६ फेब्रुवारी

आजचा दिवस लाल शाईनं लिहावा असा.

कॉम्प्युटर स्वयंपाकघरातून काढून वरच्या खिडकीत नेला. तिथून बोर्येचं छप्पर सरळ दिसतं. दर्जा लगेच चढला. आणि मला माझीच जुनी युक्ती आठवली. निरोप पोचला की नाही हे कसं ओळखायचं? समोरच्यानं तो जसाच्या तसा परत म्हणायचा. वादळात मी कितीतरी कप्तानांकडून तसं म्हणवून घेतलं आहे.

मी म्हणालो, "गुनेल, मी म्हणतो ते परत म्हण. बर्फ गेला की."

ती म्हणाली, "बर्फ गेला की."

"आपण घरी जाणार."

"आपण घरी जाणार."

एक अक्षर गळलं नाही. मी बोर्येकडे धावत गेलो, घसरून गुडघा फोडून घेतला, तरी हसत होतो. तिला सगळं ऐकू येतंय. तिला सगळं कळतंय.

बोर्ये माझा गुडघा पाहत म्हणाला, "तिनं आपणहून काय म्हटलं?"

या माणसाला दुसऱ्याचं सुख बघवत नाही.

१७ फेब्रुवारी

जिन्याला कठडा लावला. न्हाणीत धरायला दांडा बसवला. तिची खाट खाली आणली म्हणजे तिला चढावं लागणार नाही. बोर्ये रंधा मारायला आला आणि दिवसभर नेहमीपेक्षा कमी बोलला. संध्याकाळी पर्च मासे तळले, तेव्हा त्याचं तोंड उघडलं.

"रूनार, समजा ती आली आणि..."

"मीठ दे."

त्यानं मीठ दिलं.

खरं लिहायचं तर आज एक गोष्ट खटकली. मी तिला विचारलं, "तुला मला काही सांगायचंय का?" ती म्हणाली, "तुला मला काही सांगायचंय का?" मार्युत खोकली. गुनेल पूर्वीपासून चिडवण्यात पटाईत, लग्नाच्या दिवशीही पाद्र्याला तिनं असंच हैराण केलं होतं. मी हसलो. पण तिनं माझं हसणंही परत म्हणून दाखवलं, ते मात्र बरं वाटलं नाही.

१ मार्च

जाळी वाळवायच्या दांड्यावर उंच अँटेना चढवली. बोर्येनं शिडी धरली आणि सबंध वेळ मला खाली पाडण्याच्या गोष्टी केल्या. "पड तू एकदाचा, म्हणजे पंख्याची बोट तुला फुकट परगासला नेईल." मला हे आधी सुचायला हवं होतं.

दर्जा जवळजवळ पूर्ण भरला. चुका शून्य. चित्र इतकं स्वच्छ की तिच्या स्वेटरवरचे टाके मोजावेत. उजव्या गालावर एक नवा डाग आहे. केस कुणीतरी कापलेत, तिला कधीच आवडले नसते इतके आखूड.

आणि तरी येणारे आकडे तेवढेच. मी तासभर पाहत होतो. हवा मोकळी, वाट मोकळी, आणि तिकडून काही येत नाही.

४ मार्च

बोर्येची मुलगी दिसा तुर्कू शहरात कॉम्प्युटरचंच काम करते. तिला फोन केला आणि सगळे आकडे वाचून दाखवले.

"रूनारकाका, अहो तुम्ही तर आमच्या ऑफिसात या," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण तो दर्जा म्हणजे फक्त तुमच्या काडीपासून बाबांच्या छपरापर्यंतचा. पुढं परगासला काय होतं ते तो सांगत नाही."

"म्हणजे दोष पुढं आहे."

"दोष असता तर आवाज तुटला असता, चित्र अडकलं असतं. तसं होतंय का आता?"

"नाही. लख्ख दिसतं."

"मग काका..." ती शब्द शोधत होती, मला ऐकू येत होतं. "चित्र सगळंच्या सगळं पुन्हा पुन्हा पाठवत नाहीत. जेवढं बदललं तेवढंच जातं. तुम्ही हात हलवता, बोलता, उठता, म्हणून तुमच्याकडून खूप जातं. जे हललंच नाही त्याचं काय पाठवणार?"

मी आभार मानले. तिच्या बाबांचा खोकला कसा आहे ते सांगितलं.

मग स्वतःच खात्री करून घेतली. बोर्येला त्याच्या घरी बसून माझा पडद्यावरचा फोन उचलायला लावला आणि मी पडद्यापुढे बसलो. हात गुडघ्यांवर. ओठ मिटलेले. नजर समोर, पण कशावर नाही. पाठवलेले आकडे खाली खाली आले आणि एका ठिकाणी येऊन रेंगाळले. ते मी वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहिले. बरोबर गुनेलचे आकडे.

बोर्ये पलीकडून ओरडत होता, "अरे लेका, मेलास की काय? हल की जरा!"

नंतर मी खाली जाऊन पाइक मासा साफ करत बसलो. खवले सगळ्या स्वयंपाकघरभर झाले.

१२ मार्च

आज ती बोलली. आपणहून बोलली. लिहायला हवं म्हणून लिहितो.

मी नेहमीसारखा सुरू झालो, बदकं परतली, दक्षिणेकडे पाणी मोकळं दिसतंय. ती मार्युतकडे वळली आणि हळू, पण स्पष्ट म्हणाली, "हे गृहस्थ रोज का येतात?"

मार्युत म्हणाली, "गुनेल, हे रूनार आहेत. तुमचे यजमान."

गुनेल हसली. माझी खरी गुनेल हसते तशी, मान मागे टाकून. "काहीतरीच. रूनार एवढा म्हातारा नाही." मग माझ्याकडे पाहून तिनं स्वेटरची बटणं लावली. "तुम्ही सभ्य आहात, मला दिसतंय. पण माझा नवरा ड्यूटीवर असतो. तो नसताना परका माणूस रोज बोलायला आलेला त्याला आवडणार नाही. आणि मलाही बरं दिसत नाही."

आवाजात जराही खरखर नव्हती. मी सगळं ऐकलं.

समोरच्यानं संपवल्याशिवाय संपर्क तोडायचा नाही, हे मी सगळी नोकरी पाळलं. आज मी आधी तोडला.

१३ मार्च

लावला नाही.

१९ मार्च

बोर्ये रोज येतो, काही विचारत नाही, माझी लाकडं फोडतो. आज म्हणाला, "माझ्या इंगाला शेवटी मी तिचा भाऊ वाटायचो. तिनं मला भावाचं सगळं सांगितलं. काय काय ऐकलं मी त्या दोन महिन्यांत."

"तू मला हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू मीठ मागितलंस."

मी त्याला शिव्या दिल्या. तो बसून राहिला. एवढा भला माणूस शेजारी आहे आणि मी त्याच्या खोक्याला भिकार म्हणत होतो.

२३ मार्च

मार्युतनं फोन केला. गुनेल दुपारी अस्वस्थ होते, दाराशी जाऊन उभी राहते. "तुमच्या आवाजानं शांत बसायची. काही चुकलं असेल तर माझं चुकलं, मी ते नाव घ्यायला नको होतं."

नाव घ्यायला नको होतं. माझंच नाव.

कॉफीनंतर लावला. ती पडद्याकडे संशयानं पाहत होती. मी काय करतोय ते कळायच्या आत माझ्या तोंडून जुना आवाज निघाला, सपाट, सरकारी. "किनारा रेडिओ. श्रीमती गुनेलसाठी निरोप आहे. रूनारकडून."

ती उठून उभी राहिली. खुर्ची मागे पडली. "रूनारकडून? द्या, द्या ना. तो बरा आहे का?"

"बरा आहे. आठवण काढतो म्हणतोय."

"त्याला सांगा, गळ्याला काही गुंडाळत जा. रात्रपाळीला तो तसाच जातो, मग दोन दोन आठवडे खोकतो. त्याला सांगा मी रागावलेली नाही. मासे जळले ते माझ्यामुळंच जळले. लिहून घेताय ना?"

"घेतोय."

"आणि सांगा, स्वतः ये. दुसऱ्याला पाठवू नकोस."

ती हातवारे करत होती, चालत होती, पडद्याबाहेर जाऊन परत येत होती. मी सवयीनं आकड्यांकडे पाहिलं. येणारे आकडे इतके झरझर चढत होते की वाचता येत नव्हते. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा माझ्या बायकोकडून मला एवढं आलं, आणि त्यातलं काहीच माझ्यासाठी नव्हतं. नाही, सगळंच माझ्यासाठी होतं. मला हे नीट लिहिता येत नाही.

११ एप्रिल

रोज निरोप. रूनारला कोणकोणत्या गोष्टी आवडतात ते ती मला सांगते. काही मला माहीत नव्हत्या. तो झोपेत बोटांनी मोर्सचे ठोके वाजवतो म्हणे, तिच्या पाठीवर, आणि ती जागी असली तरी हलत नाही.

मी दर वेळी विचारतो, उलट निरोप? ती दर वेळी एकच देते. स्वतः ये.

मला त्या माणसाचा राग येऊ लागला आहे.

२४ एप्रिल

बर्फ निघाला. काल वाऱ्यानं सगळा ढकलून बाहेर नेला. बोर्ये बोटीचं इंजिन खोलून बसलाय.

दिसानं फोन करून सांगितलं, "काका, तिला जबरदस्तीनं आणू नका हं." मला ठाऊक आहे. तरी मला वाटतं की पडदा म्हणजे पडदाच. काचेतला माणूस खरा नसतो, त्याला वास नसतो, हात नसतो. समोर जाऊन उभा राहिलो तर? मध्ये काडी नाही, छप्पर नाही, काही नाही. याच्यापेक्षा चांगला सिग्नल असूच शकत नाही. ही शेवटची आशा आहे, आणि मला ती आहे हे कबूल करायला लाज वाटत नाही. दाढी केली. तिचा निळा कोट झटकून घेतला.

२६ एप्रिल

काल गेलो होतो. बोर्येनं धक्क्यावर सोडलं, "मी इथंच बसतो, कितीही वेळ लागू दे," म्हणाला.

ती खिडकीशी बसली होती. मी समोर खुर्ची घेतली. इतका जवळ की आमचे गुडघे लागले. मी काही बोललो नाही, फक्त तिचा हात हातात घेतला. तिनं तो काढून घेतला नाही. कितीतरी वेळ माझा चेहरा पाहिला, कपाळ, कान, दाढी.

मग ती म्हणाली, "आवाज ऐकू दे ना."

"गुनेल," मी म्हणालो.

तिचा चेहरा उजळला. "तुम्ही रेडिओवाले. म्हणजे तुम्ही खरेच आहात तर. बसा ना. काही निरोप?"

मार्युत दारात उभी होती, ती निघून गेली.

मी कोट पुढे केला. "निरोप असा आहे की मी तुम्हाला घरी घेऊन जावं. त्यानंच पाठवलंय मला. बाहेर बोट आहे." हे खोटं होतं का, मला अजून ठरवता येत नाही.

तिनं कोट ओळखला. बाहीवरून हात फिरवला, खिसे चाचपले, घडी करून मांडीवर ठेवला. पण डोकं हलवलं, हळू, मला वाईट वाटू नये अशा बेतानं.

"तुमचे उपकार आहेत. पण मी परक्या माणसाबरोबर जाणार नाही. तो मला न्यायला येणार आहे. मी इथून हलले आणि तो आला, तर मी त्याला सापडायची नाही." मग मलाच धीर द्यायला म्हणाली, "येईल तो. पाळी संपली की सरळ घरी येतो, कुठं रेंगाळत नाही. तुम्हाला घाई नसेल तर थांबा, भेटेलच तुम्हाला."

मला घाई नव्हती. मार्युतनं दोघांना कॉफी आणून दिली. व्हरांड्यात पावलं वाजली की गुनेल मान वळवायची, आणि मीही वळवायचो. उजेड उतरेपर्यंत आम्ही दोघं तिथं त्याची वाट पाहत बसलो.